जुनी गाडी घेताय? इंजिन गार असताना बघा, आणि पुरतं तापल्यावर परत बघा

गेल्या आठ-नऊ वर्षांत नात्यातल्या आणि ओळखीतल्या माणसांबरोबर मी वीसेक जुन्या गाड्या बघायला गेलो असेन. बहुतेक फोन मात्र गाडी घेऊन झाल्यावर येतात. "घेतली तेव्हा मस्त होती रे, आता दोन महिन्यांत ऑइल कमी होतंय." "घाटात गरम होते." "सकाळी सुरू केली की धूर मारते." आणि प्रत्येकाचं पुढचं वाक्य ठरलेलं: ट्रायल घेतली तेव्हा तर काहीच नव्हतं.

ट्रायलला काही नव्हतं, हे खरंच असतं. विकणारा गाडी आधीच सुरू करून, थोडी फिरवून आणतो. आपण चार-पाच किलोमीटरची चक्कर मारतो, पिकअप बघतो, एसी बघतो आणि परत आणून लावतो. इंजिनाला याहून सोयीची वेळ नाही. ऑइल सगळीकडे पोचलेलं असतं, गरम झालेले पिस्टन बोअरमध्ये (ज्या नळकांड्यात ते वर-खाली होतात त्यात) नीट बसलेले असतात आणि कूलंट (इंजिन गार ठेवणारा द्रव) अजून पुरतं तापलेलं नसतं. झिजलेलं इंजिनसुद्धा एवढा वेळ निभावून नेतं. दुखणं दिसतं ते दोन टोकांना: रात्रभर उभी असलेली गाडी सुरू होतानाच्या पहिल्या दहा-पंधरा सेकंदांत, आणि चाळीसेक मिनिटं चालून, चढ चढून पुरती तापल्यावर. आपल्याला दाखवतात ते मधलं. म्हणून ही दोन्ही टोकं बघितल्याशिवाय टोकन देऊ नका, असं मी प्रत्येकाला सांगतो.

हे मी शिकलो ते २०१६ साली. पुण्यातल्या एका डीलरकडून डिझेल हॅचबॅक घेतली, ८१ हजार किलोमीटर चाललेली, दिसायला स्वच्छ. तिसऱ्या आठवड्यात आई-बाबांना घेऊन सांगलीला निघालो. मे महिना, दुपारचे बारा. खंबाटकी चढताना तापमानाचा काटा एकदम वर गेला आणि बॉनेटमधून वाफ यायला लागली. गाडी कडेला घेतली. बाबा घाईघाईने उतरून रेडिएटरचं झाकण उघडायला गेले. मागून येणारा एक ट्रकवाला ओरडला, "काका, हात लावू नका, भाजाल!" त्याने थांबवलं नसतं तर काय झालं असतं, हे आठवलं की आजही पोटात गोळा येतो. नंतर गॅरेजमध्ये कळलं की हेड पॅकिंग (इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं सील) गेलेलं होतं. आधीच्या कोणीतरी ते लपवण्यासाठी थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट अडवून धरणारी झडप) काढून टाकलेला आणि रेडिएटरचा फॅन सरळ किल्लीला जोडून डायरेक्ट केलेला. शहरात चार किलोमीटर फिरवून हे मला कधीच कळलं नसतं. पण बॉनेट उघडून दोन गोष्टी बघितल्या असत्या तर कळलं असतं.

बॉनेट गार पाहिजे

भेट सकाळची ठरवा आणि फोनवरच सांगा, "आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका." पोचल्यावर चहापाण्याच्या आधी बॉनेट उघडायला लावा आणि रेडिएटरला जाणाऱ्या वरच्या जाड पाइपवर हात ठेवा. नुसत्या बॉनेटवर विसंबू नका, उन्हात उभ्या गाडीचा पत्रा तसाही तापतो. पाइप कोमट लागला तर गाडी सुरू करून ठेवलेली आहे. लगेच भांडू नका. कधी मालक खरंच मुलांना शाळेत सोडून आलेला असतो. उद्या परत येतो म्हणून सांगा. दुसऱ्या दिवशीही गरमच मिळाली तर मी त्या गाडीचा विचार सोडून देतो, मग ती कितीही स्वस्त असो.

इंजिन गार आहे तोवर तीन गोष्टी बघून घ्यायच्या.

पहिली, ऑइलची पट्टी. ती काढा, पुसा, परत घालून काढा. पेट्रोल गाडीत ऑइल मधाच्या रंगापासून तपकिरीपर्यंत असतं. डिझेलमध्ये ते काही शे किलोमीटरमध्येच काळं होतं, त्यामुळे डिझेलचं काळं ऑइल हा दोष नाही. दोन बोटांत घासून बघा. कचकच लागली किंवा उन्हात धरल्यावर धातूची चमचम दिसली, तर आत काहीतरी घासलं जातंय. पातळी खालच्या खुणेच्याही खाली असेल तर दोनच अर्थ होतात: मालक ऑइल बघतच नव्हता, किंवा इंजिन ऑइल खातंय. दोन्ही वाईट.

पातळी वरच्या खुणेच्याही वर असेल तर? बीएस-६ डिझेलमध्ये, म्हणजे एप्रिल २०२० पासूनच्या गाड्यांत, हे मुद्दाम बघावं. या गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी धरणारा डीपीएफ फिल्टर असतो. साचलेली काजळी जाळायला गाडी अधूनमधून जादा डिझेल फवारते. गाडी रोज दोन-तीन किलोमीटरच चालत असेल तर हे जाळणं अर्ध्यावर तुटतं आणि न जळलेलं डिझेल बोअरवरून खाली चेंबरमधल्या (इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं त्या भांड्यातल्या) ऑइलमध्ये उतरतं. पट्टीचा वास घ्या. डिझेलचा वास आला आणि पातळी वाढलेली असली, तर ऑइल पातळ झालंय आणि बेअरिंगांना हवं तसं वंगण मिळत नाहीये. कमी चाललेली, फक्त गावात वापरलेली डिझेल गाडी म्हणजे सोनं, असा समज आपल्याकडे आहे. बीएस-६ डिझेलपुरता तरी तो सोडून द्या.

ऑइल अगदी नवं, पिवळंधमक दिसलं की लोक खूश होतात. मी तिथे थांबतो आणि ऑइल कधी बदललं, कुठलं टाकलं, बिल आहे का, हे विचारतो. विकायच्या आधी पातळ ५डब्ल्यू-३० च्या जागी जाड २०डब्ल्यू-५० ओतलं की झिजलेल्या इंजिनाचा खडखडाट काही दिवस दबतो, धूरही कमी होतो. पण जाड ऑइल गार असताना वर पोचायला वेळ लावतं. म्हणजे ही लपवाछपवीसुद्धा सकाळच्या पहिल्या स्टार्टलाच उघडी पडते.

दुसरी, ऑइल भरायचं झाकण. ते उलटं करून बघा. आत लोण्यासारखा पांढरट-पिवळट फेस असेल तर ऑइलमध्ये पाणी मिसळतंय, हेड पॅकिंगचा संशय घ्यावा. इथे एक सावधगिरी हवी. पावसाळ्यात, विशेषतः मुंबईत आणि कोकणात, थोडंसंच अंतर चालणाऱ्या चांगल्या इंजिनाच्या झाकणाखालीही दमटपणामुळे पातळ फेस धरतो. अशा वेळी पट्टी बघायची. पट्टीवरचं ऑइल स्वच्छ असेल आणि फेस फक्त झाकणाला असेल तर तो दमटपणा. पट्टीवरही दुधाळ ऑइल असेल तर गाडी सोडा. झाकणाच्या भोकातून आत डोकवायलाही विसरू नका. आत डांबरासारखा काळा थर बसलेला दिसला, तर ऑइल वेळेवर बदललेलं नाही, मग सर्व्हिस बुकवर कितीही शिक्के असोत.

तिसरी, कूलंट. गार असतानाच डबीचं आणि रेडिएटरचं झाकण उघडा. गरम असताना कधीही नाही, माझ्या बाबांचा प्रसंग वर सांगितलाच आहे. कूलंट हिरवं, गुलाबी, निळं, कुठल्याही रंगाचं असू दे, पण स्वच्छ हवं. तांबडं-तपकिरी पाणी म्हणजे मालक नळाचं पाणी ओततोय आणि आत गंज चढलाय. मग विचारायचं, पाणी का ओतावं लागलं? ते जातं कुठे? वर तेलाचा तवंग दिसला तर पुढे काही बघायची गरज नाही.

किल्ली फिरवताना

एक माणूस आत, एक सायलेन्सरपाशी. किल्ली आधी फक्त ऑनवर. डॅशबोर्डवर चेक लाइट आणि ऑइलचा लाल दिवा दोन्ही लागले पाहिजेत आणि इंजिन सुरू झाल्यावर विझले पाहिजेत. लोक फक्त विझलाय का ते बघतात. लागलाच नाही, याकडे लक्ष जात नाही. चेक लाइट ऑनला लागतच नसेल तर तो बंद केलेला आहे, आणि बंद करण्याजोगं काहीतरी होतं म्हणूनच केलेला आहे.

आता सुरू करा, पण ॲक्सिलरेटर दाबू नका. पहिल्या सेकंदाला टायमिंग चेनच्या (व्हॉल्व्ह आणि पिस्टनची चाल जुळवून ठेवणाऱ्या साखळीच्या) बाजूने खर्रर्र असा साखळीचा आवाज येतो का ऐका. बऱ्याच इंजिनांत चेन ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. रात्रभरात दाब उतरलेला असतो, त्यामुळे एखादा सेकंद आवाज आला तर चालतं. तीन-चार सेकंद चालला किंवा नंतरही पुसट राहिला, तर चेन ताणलेली आहे किंवा टेन्शनर गेलाय. फियाटचं १२४८ सीसीचं १.३ लिटर डिझेल इंजिन आपल्या रस्त्यांवर स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, इंडिका व्हिस्टा, मान्झा, पुंटो, लिनिया अशा कितीतरी गाड्यांत आहे. हे इंजिन चांगलं आहे, मला आवडतं. पण त्याची चेन ऑइलवर जगते. ऑइल बदलायला टाळाटाळ झाली की चेन ताणली जाते आणि एखाद्या दिवशी दात सोडते. मग व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात. माझी पहिली गाडी याच इंजिनाची होती, त्यामुळे हा आवाज मी झोपेतही ओळखेन.

टिक-टिक-टिक असा बारीक आवाज वरून येत असेल तर तो बहुधा टॅपेटचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाचा) असतो. तो ॲडजस्ट होतो, घाबरू नका. खालून, चेंबरच्या बाजूने ठक-ठक असा जड ठोका येत असेल आणि रेस केल्यावर वाढत असेल, तर तो बिगएंड बेअरिंगचा (पिस्टनच्या दांड्याच्या खालच्या टोकाच्या बेअरिंगचा). त्याला उपाय एकच, इंजिन खोलणं.

धुराचे रंग

सगळ्यात जास्त गोंधळ धुरावरून होतो, म्हणून इथे जरा थांबतो.

थंडीच्या सकाळी पेट्रोल गाडीच्या सायलेन्सरमधून पांढरी वाफ येते, पाण्याचे थेंबही पडतात. हे ठीक आहे. इंजिन तापल्यावर हे थांबलं पाहिजे. तापल्यावरही पांढरा, दाट, गोडसर वासाचा धूर येत राहिला तर कूलंट सिलिंडरमध्ये जातंय. डिझेल गाडीत सकाळी पांढरा धूर, डोळ्यांना झोंबणारा वास आणि सुरुवातीला एका सिलिंडरची कमतरता जाणवणारं थडथडणं, असं असेल तर आधी हीटर प्लग (गार इंजिन सुरू होताना आत उष्णता देणारे) आणि नोझल (डिझेल फवारणारे) तपासावे. हे दुरुस्त होतं. मात्र नवे हीटर प्लग टाकूनही तसंच राहिलं तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, कमी आहे.

निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण तो कधी येतो यावरून खर्च ठरतो. सकाळी सुरू केल्याबरोबर एक निळा भपका आला आणि दहा-पंधरा सेकंदांत गेला, तर व्हॉल्व्ह सील कडक झालेत. रात्रभर ऑइल त्यांतून झिरपून सिलिंडरमध्ये उतरलेलं असतं. पेट्रोल गाडीत हेच घाट उतरल्यावरही दिसतं: पाय काढून गियरवर लांब उतार उतरायचा आणि खाली आल्यावर ॲक्सिलरेटर दाबायचा, मागच्या गाडीतल्या माणसाला निळा भपका दिसतो. सीलचं काम तुलनेने छोटं, बऱ्याच इंजिनांत हेड न उतरवताही होतं. किंमत तेवढी कमी करून गाडी घेता येते. पण चढावर, लोड असताना, सतत निळा धूर येत असेल तर पिस्टन आणि त्याच्या भोवतीच्या रिंगा झिजल्यात. टर्बो गाडीत टर्बोचं सील गेलं तरीही असाच धूर येतो, म्हणून टर्बोची नळी काढून आतलं चाक बोटाने हलवून बघावं लागतं. नळीत ऑइलचा पातळ थर असणं चालतं, चाकाला मागे-पुढे जाणवण्याइतका खेळ असणं चालत नाही.

काळा धूर मला सगळ्यात कमी काळजीचा वाटतो. डिझेलमध्ये तो चोंदलेल्या एअर फिल्टरपासून फाटलेल्या टर्बो पाइपपर्यंत अनेक कारणांनी येतो आणि बऱ्याचदा स्वस्तात सुटतो. नोझल गेलेले असतील तर मात्र स्वस्त नाही.

धूर बघून झाला की इंजिन सुरू असतानाच ऑइलचं झाकण सैल करून भोकावर नुसतं ठेवा. थोडं थरथरेल. ते उडायला लागलं, भोकातून फस-फस वाफा येत असल्या किंवा पट्टी आपोआप वर सरकली, तर त्याला गॅरेजमध्ये बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. सिलिंडरमधला दाब रिंगांच्या कडेने खाली चेंबरमध्ये येतोय. ही तपासणी फुकट आहे, अर्ध्या मिनिटाची आहे, आणि वीसपैकी चार गाड्या मी एवढ्यावरच सोडल्या आहेत.

थर्मोस्टॅट आणि डायरेक्ट फॅन

माझ्या गाडीत झालेली युक्ती किती सर्रास होते, हे मला नंतर कळलं. इंजिन गरम होतं अशी तक्रार आली की काही ठिकाणी मूळ कारण न शोधता थर्मोस्टॅटच काढून टाकतात. मग कूलंट पहिल्या मिनिटापासून सतत रेडिएटरमधून फिरतं आणि शहरात काटा वर चढतच नाही. फॅनची वायर सेन्सर टाळून सरळ किल्लीला जोडतात, म्हणजे किल्ली ऑन केली की फॅन सुरू. विकणारा कौतुकाने सांगतो, "बघा, कधी गरमच होत नाही." मुद्दा असा की इंजिन ठरलेल्या तापमानाला आलंच पाहिजे. गारच राहिलं तर ॲव्हरेज पडतो, ऑइलमध्ये ओलावा साठतो आणि बोअर लवकर झिजतात. वर मूळ रोग तसाच.

ओळखायचं कसं? गार इंजिन, एसी बंद, किल्ली ऑन, आणि फॅन लगेच फिरायला लागला तर तो डायरेक्ट आहे. थर्मोस्टॅटसाठी इंजिन सुरू करून वरच्या पाइपवर हात ठेवा. तो बराच वेळ गार राहून मग एकदम गरम व्हायला हवा, कारण थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ८८ अंशांच्या आसपास उघडतो. पाइप पहिल्या मिनिटापासून हळूहळू कोमट होत गेला तर आत थर्मोस्टॅट नाही, किंवा उघडाच अडकलाय. आणि सुरू केल्यावर मिनिट-दोन मिनिटांतच, अजून गार असताना, पाइप दगडासारखा टणक झाला तर सिलिंडरमधला दाब कूलंटमध्ये शिरतोय. हेड पॅकिंग. डबीत बुडबुडे येत राहतात तेही त्यामुळेच.

आजकालच्या पुष्कळ लहान गाड्यांत तापमानाचा काटाच नसतो, फक्त निळा आणि लाल दिवा असतो. लाल दिवा लागेपर्यंत उशीर झालेला असतो. इथे स्कॅनर उपयोगी पडतो. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावायचा, ब्लूटूथवर मोबाइलला जोडायचा छोटा स्कॅनर ऑनलाइन काही शे रुपयांत मिळतो आणि २०१३ नंतरच्या बहुतेक गाड्यांना चालतो. त्यावर कूलंटचं खरं तापमान दिसतं. पंधरा-वीस मिनिटं चालवूनही आकडा सत्तरच्या पुढे सरकत नसेल तर थर्मोस्टॅटवर बोट ठेवा. गाडीचा कॉम्प्युटर बिघाडाचे कोड नोंदवून ठेवतो, तेही स्कॅनरवर दिसतात; पी०१२८ हा कोड नेमका तेच सांगतो. पी०३०१ ते पी०३०४ म्हणजे त्या-त्या सिलिंडरची मिसफायर (इंधन नीट न पेटणं), पी००१६ म्हणजे क्रँक (पिस्टन फिरवतात तो दांडा) आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडतो तो दांडा) यांचा मेळ बसत नाही (चेन ताणल्याची शंका), पी०२९९ म्हणजे टर्बोचा दाब कमी.

कोड एकही नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. कोड पुसायला दहा सेकंद लागतात. त्याच ॲपमध्ये मॉनिटर, म्हणजे गाडी चालताना आपणहून करते त्या तपासण्या, पूर्ण झालेत की नाही, हेही दिसतं. बहुतेक मॉनिटर अपूर्ण असतील तर काल-परवाच कोड पुसलेत किंवा बॅटरी काढलेली होती. मालकाला विचारा. "बॅटरी नवी टाकली" म्हणाला तर बॅटरीचं बिल आणि वॉरंटी कार्ड दाखवायला सांगा.

आता चाळीस मिनिटं

ट्रायल सोसायटीभोवती नको. जवळ जो चढ असेल तिथे जा. पुण्यात कात्रज किंवा दिवे घाट, नाशिककरांना कसारा, साताऱ्याकडच्यांना पसरणी. गाडीत चार माणसं बसवा, एसी लावा. चढावर तिसऱ्या गियरमध्ये कमी आरपीएमवरून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएम वाढतो पण वेग वाढत नाही, तर क्लच गेलाय. डिझेल गाडीत ठरावीक जागी टर्बोची ओढ जाणवली पाहिजे. ती आलीच नाही तर पाइप, टर्बो किंवा ईजीआर (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारी झडप) बघा. उतारावर निळ्या भपक्याची परीक्षा करून घ्या, मागे मोटरसायकलवर एखादा मित्र असला तर फार बरं.

परत आल्यावर लगेच बंद करू नका. एसी चालू ठेवून दहा मिनिटं आयडलवर उभी ठेवा. फॅन सुरू-बंद होत राहिला पाहिजे, आणि ऑइलचा लाल दिवा लुकलुकता कामा नये. गरम इंजिन, आयडल आणि लुकलुकणारा लाल दिवा म्हणजे ऑइलचा दाब पडतोय, बेअरिंग किंवा पंप झिजलाय. सकाळी गार असताना हे कधीच दिसत नाही. मग बंद करा, पाच-दहा मिनिटांनी परत सुरू करा. गार असताना पटकन सुरू होणारी आणि गरम असताना चार-पाच सेल्फ घेणारी डिझेल गाडी असेल तर नोझल किंवा हाय प्रेशर पंप तपासून घ्या. शेवटी खाली पुठ्ठा सरकवा आणि थेंब कुठे पडतात ते बघा. एसीचं पाणी पडतं, ते सोडून द्या.

इंजिन धुऊन-पुसून, पॉलिश मारून चकचकीत केलेलं असेल तर लीकेज बघण्यासाठी ही फेरी जास्तच गरजेची. मला इंजिनवर थोडी धूळ असलेली गाडी आवडते. धुळीत ऑइलचा ओघळ लपत नाही.

पुराची गाडी

हे वेगळं सांगायला हवं, कारण आपल्याकडे ते वारंवार घडतं. २६ जुलै २००५ ला मुंबईत, ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात, जुलै २०२१ मध्ये चिपळूण-महाडला हजारो गाड्या पाण्यात गेल्या. यांतल्या कित्येक दुरुस्त होऊन, पॉलिश होऊन दुसऱ्या जिल्ह्यात विकल्या जातात. पाण्यात इंजिन सुरू राहिलं तर ते हवेबरोबर पाणी ओढतं. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो. थोडासाच वाकला तर गाडी सुरू होते, चालतेही, पण तो पिस्टन पुरता वर जात नाही आणि बोअर एका बाजूने खायला लागतो. सहा महिन्यांनी, वर्षाने ते बाहेर येतं.

सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा, आतल्या टोकाला गाळाची रेघ राहिलेली असते. सीटच्या खालच्या पट्ट्यांचा गंज, स्टेपनीच्या खड्ड्यातली बारीक माती, फ्यूज बॉक्समधला हिरवट थर, हेडलाइटच्या आत पाण्याची रेषा. एअर फिल्टरचं खोकं उघडून तळाला वाळलेला गाळ आहे का बघा. सांगलीतल्या आमच्या घरात २०१९ ला पाणी आलं होतं. तो गाळ कपाटाच्या बिजागरीतून आम्ही दोन वर्षं काढत होतो. गाडीतून तो एका धुण्यात जात नाही.

बेल्ट, सीएनजी आणि कागद

चेनऐवजी बेल्ट असलेली इंजिनंही खूप आहेत: डस्टरचं १.५ डिझेल, इनोव्हाचं जुनं २.५ डिझेल, फोर्डची १.४ आणि १.५ डिझेल, जुन्या सँट्रोचं पेट्रोल. बेल्ट आवाज करत नाही, थेट तुटतो. बदलल्याचं बिल असेल तर ठीक, नसेल तर बदललेला नाही असं धरून बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर बॉडी (कूलंट फिरवणारा पंप) यांचा खर्च किमतीतून वजा करा. मालकाच्या तोंडी आश्वासनावर हा एक विषय सोडू नका.

बाहेरून सीएनजी किट बसवलेली गाडी असेल तर सकाळचा स्टार्ट पेट्रोलवर घ्या, मग दोन्ही इंधनांवर चढ चढवा. पेट्रोलवर अडखळत असेल तर इंजेक्टर न वापरून चिकटलेत. दोन्हीवर अडखळत असेल तर व्हॉल्व्ह जळालेत का ते बघावं लागेल. किट आरसीवर चढवलेलं हवं, टाकीची दर तीन वर्षांची चाचणी झालेली हवी. आरसीवरचा इंजिन नंबर ब्लॉकवरच्या नंबराशी अंकन्अंक जुळवा. सर्व्हिस सेंटरला गाडीचा नंबर देऊन जुनी नोंद काढता आली तर किलोमीटर मागे फिरवलेत की नाही तेही कळतं.

कॉम्प्रेशन, आणि मामेभावाची गाडी

एवढं सगळं ठीक वाटलं तरच गाडी आपल्या मिस्त्रींकडे न्यायची आणि कॉम्प्रेशन मोजायचं. पेट्रोल गाडीत प्लग काढून तिथे घड्याळ लावतात. साधारण १५० ते २०० पीएसआयच्या दरम्यान आकडे येतात. नेमका आकडा इंजिनागणिक बदलतो, पण सिलिंडरांमधला फरक १०-१५ टक्क्यांच्या आत हवा.

मागच्या महिन्यात कराडच्या मामेभावाने एक १.२ पेट्रोल हॅचबॅक बघितली. मालक सज्जन, गाडी गारच ठेवलेली, धूर नाही, कूलंट स्वच्छ. चढ चढून आल्यावर मात्र मला आयडलला किंचित थरथर जाणवली. मामेभाऊ म्हणाला, "दादा, उगाच शंका काढतोस." पाच हजार टोकन त्याने देऊन टाकलं होतं, पण पावतीवर मी आग्रहाने लिहून घेतलं होतं: गॅरेज तपासणीत इंजिनात दोष निघाल्यास टोकन परत.

मिस्त्रींनी घड्याळ लावलं. पहिल्या सिलिंडरला १७२, दुसऱ्याला १६८, चौथ्याला १७०. तिसऱ्याला ११८. मग त्यांनी तिसऱ्यात चमचाभर इंजिन ऑइल सोडलं आणि परत मोजलं, १५५. ऑइल टाकल्यावर आकडा वाढला म्हणजे गळती रिंगांच्या बाजूने आहे. तसाच राहिला असता तर व्हॉल्व्ह, आणि शेजारचे दोन सिलिंडर मिळून कमी दाखवत असते तर मधलं पॅकिंग. मालकालाही हे नवीन होतं. त्याने आकडे स्वतः बघितले, काही न बोलता पाच हजार परत दिले आणि मिस्त्रींना विचारलं, "मीच करून घेतलं तर किती दिवस लागतील?"

येत्या रविवारी दुसरी गाडी बघायची आहे, साताऱ्याला, सकाळी सात वाजता. मामेभावाने मालकाला फोन करून सांगितलंय की आम्ही येईपर्यंत किल्ली लावू नका.